फॉन्ट गेला, मराठी गेली

अमरावतीला इंजिनिअरिंग करताना गॅदरिंगच्या पोस्टरपुरतं कोरलड्रॉ शिकलो होतो. परवा अकोल्याला घरी ताईच्या २०१२ च्या लग्नपत्रिकेची फाईल उघडली, तर आजोबांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. हे काय बाप्पा!

कोरलड्रॉ आलं १९८९ मध्ये, युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ मध्ये. डीटीपीवाले इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देणारे फॉन्ट वापरत. संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशींचा 'मंगल' आला, तरी जुन्या डिझाईन सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडची जोडाक्षरं फुटायची. म्हणून जुनेच फॉन्ट टिकले.

आजोबा आता नाहीत. त्यांचं नाव छापील पत्रिकेवरून पुन्हा टाईप केलं, युनिकोडमध्ये. मित्रांनो, डिझाईन शिकताय ना? मग आधी हे शिका.