न दिसणारी जखम

रेल्वेला अपघात झाला. एका प्रवाशाला साधं खरचटलंही नाही. पण पुढे त्याची झोप उडाली, हात कापू लागले, काम सुचेना. त्याला भरपाई द्यायची का? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या न्यायालयांपुढे असे खटले येऊ लागले.

हादऱ्याने मज्जारज्जूला इजा होते, असं जॉन एरिक एरिक्सन या शल्यविशारदांनी १८६६ साली मांडलं. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी ते खोडून काढलं. निव्वळ भीतीनेही ही लक्षणं दिसतात, असं ते म्हणाले. पेज एका रेल्वे कंपनीचे शल्यविशारद होते! तरी मनालाही जखम होते, या विचाराला त्यांच्यामुळेच बळ मिळालं.

१८८४ साली जर्मनीत कामगारांसाठी अपघात विमा कायदा झाला आणि हाच वाद कारखान्यांत शिरला. आजार खरा, की पैशासाठी? १९२६ मध्ये तिथल्या सरकारी विमा कार्यालयाने अशी भरपाई नाकारली.

पुढे मानसशास्त्रज्ञांनी चाचण्या तयार केल्या. १९४३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटा चाचणीत पाचशेहून अधिक विधानं होती. उत्तरं प्रामाणिक आहेत का, हे पडताळण्याची सोयही तिच्यातच होती.

आज अमेरिकेत अशा दाव्यांमध्ये, कामगारावर उपचार न करणारा मानसशास्त्रज्ञ त्याला तपासतो. त्याला ‘स्वतंत्र’ म्हणतात. पण त्याची फी बहुधा विमा कंपनीच देते. म्हणून अहवाल वाचताना पेज यांची नोकरी आठवावी.