दिवसाढवळ्या फिरणारं भूत

'नोसफेरातू' हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो घरातल्या दिवाणखान्यात, १९९४ सालच्या गणपतीच्या सुट्टीत. अमेरिकेतून आलेल्या चुलतभावाने त्याची व्हिडिओ कॅसेट आणली होती. तिकडची कॅसेट आपल्याकडच्या साध्या व्हीसीआरवर नीट दिसायची नाही. दोन्ही पद्धती चालणारं यंत्र शेजाऱ्यांकडे होतं, ते दोन तासांच्या बोलीवर उचलून आणलं. पडदे ओढले, दिवे घालवले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून वाढलेली आमची पिढी. जगातल्या सगळ्या भयपटांचा आजोबा म्हणतात तो सिनेमा आता बघायचा, म्हणून मी श्वास रोखून बसलो होतो.

आई वाती वळत मागे बसली होती. पडद्यावर तो टक्कल पडलेला, उंदरासारख्या दातांचा, लांब नखांचा काउंट ऑर्लोक आपली शवपेटी काखोटीला मारून गावात शिरला आणि आई म्हणाली, "अरे, भूत म्हणतोस आणि हा तर भर उन्हात हिंडतोय! रस्त्यावर सावल्या बघ किती पडल्यात."

सगळे हसले. माझा विरस झाला. जुना सिनेमा आहे, त्या काळी असंच असायचं, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. आईचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं हे कळायला मला दहाएक वर्षं लागली. ती दहा वर्षं कशी लागली, ते आज सांगायचं आहे.

हा सिनेमा जर्मनीतला, १९२२ सालचा. दिग्दर्शक फ्रीड्रिश विल्हेल्म मुर्नाऊ. तो काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं 'प्राना फिल्म'. हा 'प्राना' म्हणजे आपला 'प्राण'च. कंपनीच्या दोन भागीदारांपैकी अल्बिन ग्राऊ हा गूढविद्येच्या नादी लागलेला चित्रकार होता, आणि त्या काळात तिकडच्या अशा मंडळींना आपल्या संस्कृत शब्दांची भारी हौस. सिनेमातले पोशाख, सजावट आणि जाहिरातीची चित्रं याच ग्राऊची. कंपनीने अनेक भयपट काढायचे बेत केले होते. प्रत्यक्षात एकच निघाला, आणि नावात प्राण असलेली ही कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

कथा ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून घेतलेली. घेतलेली म्हणजे न विचारता. पटकथाकार हेन्रिक गालीनने ड्रॅक्युलाचा ऑर्लोक केला, लंडनच्या जागी विसबोर्ग नावाचं काल्पनिक जर्मन गाव आणलं आणि काळ मागे नेला. पण कथेचं मूळ लपलं नाही, कारण सिनेमातच कादंबरीचा ऋणनिर्देश होता. चोरी करून वर पावती द्यावी, तसा प्रकार.

मार्च १९२२ मध्ये बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या संगमरवरी दिवाणखान्यात मोठ्या थाटाने पहिला खेळ झाला. लंडनमध्ये राहणाऱ्या स्टोकरच्या विधवेला, फ्लॉरेन्सला, त्याची खबर लागली. तिने लेखकांच्या संघटनेचं सभासदत्व घेतलं आणि तिच्यामार्फत दावा लावला. कंपनीकडून पैसे मिळणार नाहीत हे दिसल्यावर तिने मागणी बदलली: सिनेमाच नष्ट करा. १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने तसा हुकूम दिला. मूळ निगेटिव्ह आणि सगळ्या प्रती नष्ट करायच्या.

सिनेमावाले या बाईंना खलनायिका ठरवतात, ते मला पटत नाही. नवरा १९१२ मध्ये गेला होता. त्याच्या पुस्तकांपैकी बऱ्यापैकी चालणारं हे एकच. त्याचे हक्क हा तिचा आधार होता आणि तो कोणी परस्पर वापरत असेल तर तिने काय करावं? त्या हक्कांमधूनच पुढे इंग्लंडमध्ये नाटक आलं आणि १९३१ मध्ये बेला लुगोसीचा हॉलीवूडमधला 'ड्रॅक्युला'. तिची बाजू न्यायाची होती. एक अप्रतिम कलाकृती जाळली जावी ही मात्र त्या न्यायाची किंमत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

मुर्नाऊचं चित्रीकरण एकाच कॅमेऱ्याने झालं होतं, त्यामुळे मूळ निगेटिव्ह एकच. ते गेलं. पण प्रती तोवर परदेशी पोहोचल्या होत्या. फ्रान्समध्ये, अमेरिकेत त्या दाखवल्या गेल्या, कापल्या गेल्या, नव्या पाट्या लावून पुन्हा जोडल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे जी प्रत आली तीही फ्रेंच प्रतीवरून काढलेली. तिच्या इंग्रजी पाट्यांमध्ये ऑर्लोकचा पुन्हा ड्रॅक्युला झाला. ज्या नावामुळे कोर्टकचेरी झाली तेच नाव उघड माथ्याने परत आलं! अमेरिकेत सिनेमा हक्कमुक्त मानला गेल्याने कोणीही उठावं आणि कॅसेट काढावी अशी स्थिती होती. प्रतीची प्रत, तिची प्रत, त्यावर कुठलंही ऑर्गन वाजवलेलं. आमच्या घरी आली ती असलीच एक कॅसेट.

आता आईच्या उन्हाकडे येतो.

१९२१ मध्ये फिल्म इतकी संवेदनशील नव्हती की रात्री रस्त्यावर जाऊन चित्रण करावं. रात्रीचे बाहेरचे प्रसंग दिवसाच घ्यायचे आणि प्रत तयार झाली की तो तुकडा निळ्या रंगात बुडवायचा, ही सर्रास चालणारी रीत होती. दिव्याच्या उजेडातली खोली पिवळसर, रात्र निळी-हिरवट, पहाट गुलाबी. प्रेक्षक रंग पाहून वेळ ओळखत. निगेटिव्ह काळं-पांढरंच असे. रंग प्रत्येक प्रतीला वेगळा दिला जाई. पुढे कोणी त्या रंगीत प्रतीवरून साध्या फिल्मवर नक्कल काढली की रंग गळून पडे आणि खाली दडलेलं ऊन वर येई. म्हणजे ज्याला आपण 'अभिजात कृष्णधवल चित्रपट' म्हणून हळहळत पाहतो, तो मुळात तसा कृष्णधवल नव्हताच.

इथे नुसती वेळेची गफलत होत नाही, कथेचा कणाच मोडतो. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो आणि शेवटी सुऱ्यांनी मरतो. उन्हाच्या किरणाने रक्तपिपासू मरतो ही कल्पना पडद्यावर आणली ती 'नोसफेरातू'ने. नंतरच्या शंभर वर्षांतल्या बऱ्याच ड्रॅक्युलांनी ती उचलली. शेवटी नायिका एलेन त्याला कोंबडा आरवेपर्यंत आपल्याजवळ अडकवून ठेवते, खिडकीतून सूर्य येतो आणि तो धुराच्या लोटात विरून जातो. आता जो गृहस्थ अर्धा तास आधी भर दुपारी चौकातून पेटी घेऊन गेला, त्याला सकाळचं कोवळं ऊन कसं मारेल? आईला कथा कळली नव्हती असं नाही. कथा बरोबर कळली होती, म्हणूनच तिला प्रतीतला बिघाड दिसला.

वेगाचंही तसंच. मूकपट साधारण सेकंदाला अठरा चित्रांच्या गतीने दाखवावा अशी अभ्यासकांनी या सिनेमाची गती ठरवली आहे. बोलपटाचं यंत्र चोवीस चित्रं पळवतं. हिशेब करून बघा, ९४ मिनिटांचा सिनेमा ७० मिनिटांत संपतो. माणसं तुरुतुरु चालतात आणि भीतीची जागा गंमत घेते.

म्युनिकच्या फिल्म म्युझियमचे एन्नो पातालास यांनी १९८० च्या दशकात विखुरलेल्या प्रती जुळवायला सुरुवात केली. पॅरिसच्या संग्रहात रंग दिलेली जुनी फ्रेंच प्रत सापडली, तिच्या आधाराने रात्र पुन्हा निळी झाली. मुर्नाऊच्या नावाने चालणाऱ्या जर्मन प्रतिष्ठानासाठी लुचिआनो बेरियातुआ यांनी २००५-०६ मध्ये जीर्णोद्धार केला. त्याला हान्स एर्डमानच्या मूळ संगीताची पुनर्रचनाही जोडलेली आहे. मूळ स्वरलिपी बरीचशी हरवली होती. त्या प्रतीची डीव्हीडी मी घेतली. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगतो: डबीवर किती मिनिटं लिहिली आहेत ते आधी पाहा, आणि रात्र निळी आहे का ते विचारा.

त्या रात्री मी एकट्यानेच तो पाहिला. मॅक्स श्रेकचा ऑर्लोक पडद्यावर एकूण जेमतेम नऊ-दहा मिनिटं दिसतो. श्रेक या शब्दाचा जर्मनमधला अर्थच भय, आणि हे त्याचं खरं आडनाव. जिन्यावरून चढत जाणारी ती सावली सगळ्यांना ठाऊक असते. आपल्या भुताला सावली नसते म्हणतात, हे भूत निम्मं सावलीनेच काम करतं. पण मला जास्त हादरवलं ते जंगलातून धावणाऱ्या बग्गीच्या दृश्याने. तिथे मुर्नाऊने चक्क निगेटिव्ह चित्र दाखवलंय: आभाळ काळं, झाडं पांढरीफटक. पुढे १९७९ मध्ये वर्नर हर्झोगने आणि २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्सने ही कथा पुन्हा केली. दोन्ही सिनेमे चांगले आहेत, पण त्या पांढऱ्या झाडांची सर त्यांना नाही.

मला राहून राहून आठवतं ते १९२५ हे वर्ष. त्या वर्षी जर्मनीत 'नोसफेरातू' जाळायचा हुकूम निघाला आणि त्याच वर्षी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांचा मूकपट 'सावकारी पाश' आला. सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याची कथा, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. त्याच्यावर कोणी दावा लावला नाही, कुठल्या न्यायाधीशाने हुकूम काढला नाही. तरी 'नोसफेरातू' आज घरबसल्या बघता येतो आणि मूक 'सावकारी पाश' नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची दोन रिळं उरली, आणि तीही १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेली, यावर अभ्यासकांत वाद आहे. आपल्या सिनेमाला जाळायला न्यायालय लागलं नाही. ओल, उकाडा, आणि फिल्ममधली चांदी काढून विकणारे यांनी ते काम केलं.

नव्या प्रतीची डीव्हीडी मी आईलाही दाखवली. तिचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे होतं. ऑर्लोक पेटी घेऊन निळ्या अंधारातून गेला तेव्हा ती म्हणाली, "हां, आता बरोबर." मग जहाजातून उंदीर बाहेर पडले. कादंबरीत नसलेला हा भाग, ऑर्लोकबरोबर गावात प्लेग येतो तो. दवंडी पिटली जाते, दारांवर खडूने फुल्या मारल्या जातात, अरुंद गल्लीतून एकामागून एक शवपेट्या जातात. आई काहीच बोलली नाही. तिची आजी साताऱ्याकडची, प्लेगात घर सोडून माळावर झोपडीत राहिलेली.

"उंदीर पडले की आजी सांगायची तसंच आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "आवाज नाही ना, म्हणून जास्त खरं वाटतं."

आणि मला पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)