झाडावरून येणारा आवाज

गंगाधररावांच्या झाशीत कसबी गळ्यांना तोटा नव्हता. राजाला नाटकाचं वेड, पदरी नाट्यशाळा, कलावंतांना आश्रय. वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये त्या शहराचा थाट लिहून ठेवला आहे. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज आत शिरली, तेव्हा झालेलं ‘बिजन’, म्हणजे सरसकट कत्तल, आणि नामांकित पुस्तकालयाची झालेली नासधूसही त्यांनीच सांगितली. पुढे मराठीत पारसनिसांनी लिहिलेलं झाशीच्या राणीचं चरित्र यायला १८९४ साल उजाडलं. गोडश्यांचं पुस्तक छापलं गेलं १९०७ मध्ये. तोवर राणी गावोगाव पोचली ती तोंडातोंडी, आणि त्यातला मोठा वाटा हरबोल्यांचा.

हे हरबोले म्हणजे पहाटे झाडावर चढून खड्या आवाजात देवाचं नाव घेणारे भिक्षेकरी. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांची नोंद बसदेवांमध्ये, म्हणजे वासुदेवांमध्ये केली आहे. मोरपिसांची टोपी घालून दारी येणारा आपला वासुदेव नावाने त्यांच्या जवळचा. झाडावर चढायची रीत मात्र आपल्याकडे पांगुळाची. झाडावरून गाणाऱ्याला मींड, मुरकी परवडत नाही. वेशीबाहेरच्या शेवटच्या घरात निजलेल्या माणसाला शब्द न शब्द कळला पाहिजे, एवढीच त्याच्या गळ्याची परीक्षा. सुभद्राकुमारी चौहानांनी ‘झाँसी की रानी’ लिहिली, तेव्हा कथेचं श्रेय ध्रुवपदातच या बुंदेल्या हरबोल्यांना दिलं. आज शाळकरी पोरंही ते श्रेय घोकतात.

आम्ही झाशीकर मराठी. घरात गाण्याचा कान फक्त आजीला. गणेश मंदिरातल्या कीर्तनात बुवांचा षड्ज जरा हलला, की तिची भुवई वर जायची. राणीचं लग्न लागलं त्या मंदिरात बेसूर गायचं म्हणजे काय, असा तिचा रोख. हीच आजी श्रावणात आल्हा, म्हणजे बुंदेली वीरगाथा, ऐकायला मात्र हटकून जायची. आल्हैत म्हातारा, आवाज घोगरा, ढोलक चढवलेली. महोब्याच्या आल्हा-ऊदलांच्या लढायांमागून लढाया तो एका दमात रेटायचा आणि वरच्या पट्टीत गळा पार फाटायचा. ऊदल पडला की आजी पदर डोळ्यांना लावायची. मी एकदा म्हटलं, “आजी, तो तर बेसूर गात होता.” ती म्हणाली, “सूर कसला शोधतोस मेल्या? त्याच्या घरचा माणूस गेलाय!”

आल्ह्याची संहिता इलियट नावाच्या फर्रुखाबादच्या कलेक्टरने १८६० च्या दशकात आल्हैतांकडून ऐकून लिहवून घेतली. शब्द कागदावर आले. पण आजीला रडवणारी गोष्ट शब्दांत नव्हती आणि गळ्याच्या तयारीतही नव्हती. आल्हैत ऊदलचं मरण तिसऱ्याची हकीकत म्हणून सांगत नसे. आपल्या दारातली बातमी द्यावी, तसा तो ओरडायचा.

राणीच्या कथेत तर गाणाऱ्याला तेवढंही करावं लागलं नसेल. बिजनानंतरच्या झाशीत ज्या घरातलं कुणी गेलं नाही, असं घर विरळा. त्या कानांवर राणीचं नाव नुसतं खड्या आवाजात पडलं, तरी पुरे होतं. गाणाऱ्याने गोष्ट पोचवायची. दुःख ऐकणाऱ्यांच्या घरात आधीपासूनच होतं.