वेष घेणं आणि वेष टाकणं

मोठ्या माणसांनी सोंग कशाला घ्यायचं, असं आपण सहज म्हणतो. पोरांनी राजा व्हावं, वाघ व्हावं. मोठ्यांनी फार तर नाटकात तोंडाला रंग लावावा. पण रोजच्या जगण्यातही मोठी माणसं वेष घेत असतात, आणि त्यामागे नुसती हौस नसते. आपण तीन प्रसंग बघू.

पहिला पुण्यातला, १८८८ सालचा. व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. शहरातली बडी मंडळी ठेवणीतले कपडे, दागदागिने घालून आली. जोतीराव फुले आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. आता फुले काही निर्धन नव्हते. बांधकामाची कंत्राटं घेत, पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. म्हणजे हा वेष त्यांनी मुद्दाम घेतला. समोर बसलेले हे श्रीमंत म्हणजे देश नव्हे, खरी रयत खेड्यात आहे, हे त्यांना ड्यूकला सांगायचं होतं. भाषण नंतर झालं; कपडे आधीच बोलले होते.

दुसरा प्रसंग १९२१ सालचा. सप्टेंबरात मदुराईला गांधीजींनी अंगरखा आणि टोपी सोडून आखूड पंचा नेसायला सुरुवात केली. परदेशी कापड सोडा म्हणावं, तर गरिबाला खादी परवडत नाही. मग आपणच कमी कपड्यात भागवावं, असा तो विचार. १९३१ साली बकिंगहॅम राजवाड्यात बादशहाला भेटायला ते गेले, तेही पंचा नि शालीतच.

इथपर्यंत आपल्याला सरळ वाटतं: मोठा माणूस गरिबाचा वेष घेतो आणि त्याचा मान वाढतो. पण तिसरा प्रसंग याच्या अगदी उलट आहे, आणि आपण तो नीट ऐकायला हवा.

महाड, डिसेंबर १९२७. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालं होतं, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. अस्पृश्य म्हणून ओळखू याल अशा खुणा टाकून द्या, हे त्यांचं सांगणं. गुडघ्याच्या वर लुगडं नेसायची रीत सोडा, गळाभर-हातभर कथलाचे नि चांदीचे दागिने घालू नका, आणि स्वच्छ राहा. अनेक जणींनी लुगडं नेसण्याची पद्धत लगेच बदलली. स्वतः बाबासाहेब सुटाबुटात वावरत, आणि आज गावोगावच्या पुतळ्यांवर तोच निळा सूट दिसतो.

का बरं हा फरक? फुल्यांनी आणि गांधीजींनी तो वेष आपल्या मर्जीने घेतला होता. वाटलं असतं तर उद्या तो उतरवता आला असता. महाडच्या बायकांच्या अंगावरची खूण ही जातीने लादलेली. ती अंगावर ठेवण्यात त्याग कसला? त्यांच्यासाठी ती टाकणं हाच बंडखोरपणा. काठापदराचं लुगडं पायघोळ नेसणं ही इतरांना साधी गोष्ट वाटेल, त्यांना तो हक्क मिळवावा लागला.

म्हणून कुणी नटूनथटून निघालं की आपण पटकन ‘सोंग’ म्हणून हसतो, तेव्हा जरा थांबावं. आधी एवढंच विचारावं: या माणसाला काल काय घालायची मुभा होती, आणि ती कुणी ठरवली होती?