सीदिंग लेनमधील यंत्रविलासी

इ. स. 1660 मध्ये दुसरा चार्ल्स परदेशातील विजनवास संपवून इंग्लंडच्या गादीवर परतला, तेव्हा त्याच्या आरमाराच्या दप्तरात, आपल्याकडील फडणिसाशी ज्याचे नाते जुळावे अशा हुद्द्यावर, सॅम्युएल पीप्स नावाचा सत्तावीस वर्षांचा एक तरुण नेमला गेला. बाप लंडनमध्ये शिंपीकाम करणारा, घरची दौलत बेताची, केंब्रिजचे शिक्षण झालेले असले तरी अंकगणिताचे ज्ञान जवळजवळ नाही, अशा या गृहस्थाला सालीना साडेतीनशे पौंडांची तैनात आणि सीदिंग लेनमध्ये कचेरीला लागूनच राहण्याचे घर मिळाले. आणि हाती पैसा खेळू लागताच, वस्त्रे, चांदीची भांडी, ग्रंथ व संगीत यांच्या बरोबरीने, नव्या नव्या यंत्रांचा जो छंद त्याच्या मागे लागला तो अखेरपर्यंत सुटला नाही. 1 जानेवारी 1660 पासून 31 मे 1669 पर्यंत लघुलिपीत लिहिलेली त्याची दैनंदिनी इतिहासकारांना प्लेगसाठी, लंडनच्या आगीसाठी आणि दरबारातील भानगडींसाठी प्रिय आहे. मला ती एका गिऱ्हाइकाचा जबाब म्हणून अधिक मोलाची वाटते.

उपकरणे घडविणाऱ्या कारागिरांचा धंदा लंडनमध्ये जुनाच होता, परंतु तोवर त्याचे आश्रयदाते म्हणजे खलाशी, जमिनीची मोजणी करणारे अमीन आणि तोफखान्याचे अंमलदार. ज्याला समुद्रावर जायचे नाही, शेत मोजायचे नाही, अशा माणसाने केवळ कुतूहलापोटी यंत्र विकत घ्यावे, ही रीत नवी होती. 1660 च्या अखेरीस ग्रेशम कॉलेजात जमलेल्या विद्वानांनी जी मंडळी स्थापन केली आणि जिला पुढे राजाची सनद मिळून रॉयल सोसायटी हे नाव पडले, तिच्या प्रयोगांची चर्चा सरदारांच्या दिवाणखान्यांतून होऊ लागली, आणि मग लाँग एकरमधील भिंगे घासणारा रीव्ह, मिनरीज पेठेतील गणनपट्ट्या बनविणारा ब्राउन, स्ट्रँडवरील ग्रेटोरेक्स यांच्या दुकानी रेशमी अंगरख्याची गिऱ्हाइके येऊ लागली. दुकानदार स्वतःच कारागीर असे. तो यंत्र घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी येई, जेवे, रात्री उशिरापर्यंत ते चालवून दाखवी आणि मग मोलाची घासाघीस होई. 1663 च्या मार्चमध्ये ग्रेटोरेक्सने उष्णता आणि थंडी दाखविणारे एक काचेचे सुबक यंत्र पीप्सला आणून दिले. त्याच वर्षी त्याचा वरिष्ठ कॉव्हेंट्री याच्याकडून त्याला पोटात शाई वागविणारी चांदीची लेखणी मिळाली, आणि अशी वस्तू किती आवश्यक आहे हे त्याने लगोलग नमूद केले.

या छंदाची सुरुवात मात्र चैनीतून झाली नाही, हे पीप्सच्या बाजूने नमूद केले पाहिजे. कचेरीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आले, की जहाजांसाठी लागणारे लाकूड, दोरखंड आणि डांबर यांच्या खरेदीत सरकारची राजरोस लूट चालली आहे, आणि ती पकडायची तर हिशेब स्वतःला आला पाहिजे. तेव्हा 1662 च्या जुलैत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने जहाजावरील एका अनुभवी माणसाला गुरू करून गुणाकाराचे पाढे पाठ करण्यास प्रारंभ केला. ज्या वयात आपल्याकडील पंतोजींचा शिष्य पावकी-निमकी-दीडकी म्हणून मोकळा होई, त्याच्या कितीतरी पुढच्या वयात हा आरमाराचा अधिकारी पहाटे उठून पाढे घोकीत होता, हे चित्र काहीसे विनोदी असले तरी त्यात हसण्यापेक्षा आदर बाळगण्यासारखेच अधिक आहे. पुढच्याच महिन्यात वुलिचच्या गोदीतील अँथनी डीन याने त्याला वॉल्टहॅमच्या अरण्यात नेऊन, राजाच्या पैशाने घेतल्या जाणाऱ्या लाकडाच्या मापात फसवणूक कशी होते याचे मर्म दाखविले. ओंडक्याच्या दोन बाजू असमान असल्या म्हणजे त्यांची बेरीज निम्मी करून तिचा वर्ग करावयाचा, अशी एक सोयीस्कर वहिवाट व्यापाऱ्यांनी पाडली होती. आता दहा इंच आणि वीस इंच बाजूंचा गुणाकार दोनशे, परंतु पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस, म्हणजे अष्टमांश लाकूड केवळ कागदावर उगवले, आणि त्याचे दाम मात्र खजिन्यातून रोख गेले.

असले हिशेब जागच्या जागी करता यावेत म्हणून पीप्सने खिशात मावणारी, चांदीचे पत्रे बसविलेली एक सरकती गणनपट्टी ब्राउनकडून करवून घेतली; परंतु ती इतकी लहान निघाली, की तिच्यावर कोष्टके कोरावयास ब्राउनला माणूसच मिळेना. अखेर 1664 च्या ऑगस्टात पीप्स स्वतः शोध करीत कॉकर या नामांकित हस्ताक्षरगुरूकडे गेला आणि तासभर त्याच्याजवळ बसून राहिला. कॉकर नुसत्या डोळ्यांनी, एकही अक्षर न चुकता, ती रचना आखीत होता आणि लागलीच वाचूनही दाखवीत होता, आणि ज्याच्यासाठी हे चालले होते त्या मालकाला त्यातील एक अक्षरही लागत नव्हते! चौदा शिलिंग मजुरी देऊन पट्टी घरी आली, तिच्या कारागिरीवर पीप्स बेहद्द खूष झाला. जी पट्टी आपल्याला वाचता येत नाही ती घेऊन आपण करणार काय, हा प्रश्न त्या आनंदाच्या भरात त्याला पडलेला दिसत नाही. छांदिष्टाची जात यावरून ओळखावी.

त्याच आठवड्यात रीव्ह सूक्ष्मदर्शक घेऊन आला. त्याचे मोल साडेपाच पौंड पडले, आणि आदल्या वर्षी पीप्सने नवी स्वयंपाकीण ठेवली तेव्हा वर्षाचे चार पौंड ठरले आणि इतके आजवर आपण कधीच दिले नव्हते असे त्याने नमूद केले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे वजन कळते. ही किंमत भारी आहे, हे त्याला कळत होते. परंतु विक्रेत्याने हे इंग्लंडातील सर्वोत्तम यंत्र असल्याची ग्वाही दिली होती, आणि वर अंधाऱ्या खोलीतील वस्तू पाहण्याचे आणखी एक साधन नुसतेच भेट म्हणून दिले होते. विक्रीची ही युक्ती साडेतीनशे वर्षांत तसूभरही बदललेली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पीप्सने हेन्री पॉवरचा त्याच वर्षी निघालेला सूक्ष्मदर्शनावरील ग्रंथ वाचून संपविला आणि जेवणानंतर पतिपत्नी, सॅम्युएल आणि एलिझाबेथ, त्या नळकांड्यापुढे बसली. पहिल्याने काहीच दिसेना. पुष्कळ खटपटीनंतर काहीतरी दिसले. समाधान झाले, परंतु अपेक्षेइतके नव्हे, आणि पुढे यंत्र अधिक समजले म्हणजे अधिक दिसेल अशी त्याने मनाची समजूत घातली. एवढा खर्च केल्यावर आपण फसलो असे म्हणवत नाही, आणि समाधान पावलो असेही म्हणवत नाही, अशा मधल्या अवस्थेतील ती नोंद आहे. पुढे 1665 च्या जानेवारीत रॉबर्ट हूकचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ बाहेर पडला, तेव्हा पीप्स तो घेऊन रात्री दोन वाजेपर्यंत जागला; घडी उलगडून पाहावे लागणारे पिसवेचे ते प्रचंड चित्र त्यातच आहे. स्वतःच्या यंत्रातून जे धड दिसले नाही, ते हूकच्या पुस्तकातून त्याने मनसोक्त पाहून घेतले.

परंतु या साऱ्या सामग्रीत ज्याच्यावर त्याचा जीव विशेष जडला, ते म्हणजे खिशातील घड्याळ. ते त्याने विकत घेतले नव्हते. ब्रिग्ज नावाच्या एका दस्तऐवजनविसाने ते त्याला नजर केले होते. 13 मे 1665 रोजी घड्याळजीकडून ते हाती आले आणि त्या दुपारभर घोडागाडीत बसलेला हा बत्तीस वर्षांचा अधिकारी ते मुठीत धरून शंभरदा किती वाजले हे पाहत राहिला, स्वतःच्या पोरकटपणाला हसला, आणि याच्यावाचून आपण आजवर कसे राहिलो याचे आश्चर्य करू लागला. गमतीचा भाग असा, की पूर्वी त्याच्याजवळ एक घड्याळ होते, त्याच्या कटकटीला कंटाळून जन्मात पुन्हा घड्याळ बाळगणार नाही असा त्याने निश्चय केला होता, आणि याची आठवण त्याला त्याच दुपारी झालेली होती.

ती कटकट खोटी नव्हती. घड्याळाच्या चाकाला केसासारखी बारीक कमान बसविण्याची युक्ती 1675 च्या सुमारास निघाली, आणि तिच्या श्रेयाबद्दल हायगेन्स आणि हूक यांच्यात जुंपली. तोपर्यंतची खिशातील घड्याळे दिवसाकाठी पाव तास किंवा त्याहूनही अधिक चुकत, बहुतेकांना मिनिटकाटाही नसे, आणि खरी वेळ कळण्यासाठी देवळाची घंटा वा छायायंत्र यांच्याशी त्यांची रुजुवात घालावी लागे. पीप्सचे घड्याळ मिनिटे दाखविणारे होते, ही त्याची मोठी मिरास. तशात तो उन्हाळा प्लेगचा होता. लंडनमध्ये दर आठवड्याच्या मृत्यूंच्या फर्दी वाढत चालल्या होत्या, पत्नीला त्याने वुलिचला हलविले होते, कचेरी ग्रिनिचला गेली होती. आणि सप्टेंबरात या दोन गावांमधील वाट पायी तुडवीत असता पीप्स हातात घड्याळ धरून दर पाव तासाला आपण कोठे पोचतो हे ताडून पाही, आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटांच्या आत त्याच ठिकाणी असतो हे पाहून संतोष पावे. चहूकडे मृत्यूचे थैमान चालले असता माणसाने आपल्या पावलांची मिनिटे मोजीत बसावे, हे काहींना निर्दयपणाचे वाटेल. मला तसे वाटत नाही; त्या वर्षी लंडनमध्ये नियमितपणे घडणाऱ्या आणि स्वतःच्या आधीन असलेल्या गोष्टी फारच थोड्या होत्या, आणि त्यांपैकी एक त्याच्या मुठीत होती.

डिसेंबरात त्याने याहीपुढची पायरी गाठली. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड ब्राउंकर हे आरमाराच्या मंडळातही त्याचे सहकारी होते. त्यांच्या घरी एक संध्याकाळ बसून त्याने लॉर्डसाहेबांना त्यांचे घड्याळ सुटे सुटे करून पुन्हा जोडून दाखवावयास लावले. वस्तूच्या मालकीने जी तहान भागत नाही ती ही, आणि पीप्सला नुसत्या शौकिनांच्या पंक्तीतून उठवून वेगळ्या पाटावर बसविते तीही हीच.

1666 च्या ऑगस्टात तर त्याच्या घराचे छप्परच वेधशाळा बनले. रीव्हने आणलेल्या बारा फुटी दुर्बिणीतून एका रात्री एक वाजेपर्यंत चंद्र आणि गुरू यांचे निरीक्षण झाले. मग एका रविवारी रीव्ह आणि पीप्सचा मित्र स्पाँग दिवसभर मुक्कामाला आले, भिंतीवर चित्रविचित्र आकृती पाडणारा काचचित्रांचा कंदील झाला, रात्री गुरूचा पट्टा आणि उपग्रह दिसले, शनी मात्र धूसरच राहिला. आणि एवढा सोहळा होऊनही पीप्स त्या रात्री खट्टू होता. कारण निरनिराळ्या आकारांच्या भिंगांतून किरण असे का वळतात हे तो रीव्हला पुनःपुन्हा विचारीत राहिला, आणि इंग्लंडातील उत्तम भिंगे ज्याच्या हातून उतरत त्या रीव्हला त्यातील कृती तेवढी ठाऊक, उपपत्ती मुळीच नाही, असे निष्पन्न झाले. पीप्सने याला मतिमांद्य म्हटले आहे, तो मला थोडा अन्याय वाटतो. कारागिराची विद्या बोटांत असते; आणि ती शब्दांत मांडा असा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वतः भिंग घासता येत नसते, हे रीव्हही म्हणू शकला असता. पुढच्याच पंधरवड्यात पुडिंग लेनमधून आग निघाली आणि जुने लंडन जळून गेले. पीप्सचे घर वाचले.

त्यापुढील खेळण्यांची यादी लांबविण्यात अर्थ नाही. 1668 च्या एप्रिलात त्याने तळ फुटलेल्या एका काचेच्या बाटलीचे तोंड कानाला लावून टेम्स नदीतील वल्ह्यांचे आवाज ऐकले. त्याच वर्षी स्पाँगने नकाशे लहान करून उतरविण्याची जोडपट्टी दाखविताच, ही आपल्याकडे असलीच पाहिजे असे त्याला तत्काळ वाटले.

परंतु डोळे दगा देऊ लागले होते. मेणबत्तीच्या उजेडात लिहून लिहून ते दुखत, पाण्याने डबडबत. 1666 च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने हिरव्या काचांचा चष्मा घेतला. गुण आला नाही. मग 1668 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलेला एक प्रयोग त्याने करून पाहिला: भिंग नाही, काच नाही, केवळ कागदाच्या गुंडाळ्या डोळ्यांपुढे धरून त्यांतून वाचावयाचे. पौंडांची थैली रिकामी करून घेतलेल्या सगळ्या भिंगांपेक्षा या फुकटच्या कागदाने त्याला अधिक आराम दिला, परंतु तोही पुरेसा नव्हता; आणि 31 मे 1669 रोजी, आपण आंधळे होणार या समजुतीने, त्याने दैनंदिनी लिहिणे थांबविले. आंधळा तो झाला नाही. त्यानंतर चौतीस वर्षे तो जगला, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला, आणि त्या नात्याने 1686 मध्ये न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'च्या मुद्रणास त्याने संमती दिली.

त्याच्या दृष्टीत दीर्घदृष्टी आणि तिरकी वक्रता असे दोन दोष एकत्र असावेत, असे पुढील काळातील डॉक्टरांचे मत आहे. दुसऱ्या दोषावर नळकांड्याच्या आकाराचे भिंग लागते, आणि ते घासण्याची कल्पना लाँग एकरमध्ये कोणाच्या स्वप्नातही नव्हती. दैनंदिनीचे सहा खंड पीप्सच्या तीन हजार ग्रंथांसह केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात पडून होते. 1819 पासून तीन वर्षे खपून जॉन स्मिथ नावाच्या एका विद्यार्थ्याने त्यांची लघुलिपी उलगडली, आणि 1825 मध्ये त्यांतील वेचे प्रथम छापून निघाले. त्याच काळी त्याच गावात जॉर्ज एअरी हा दुसरा एक विद्यार्थी आपल्या डाव्या डोळ्याच्या दोषाने त्रस्त होऊन त्याचे गणित मांडीत होता, आणि त्या गणिताबरहुकूम इप्सविच येथील एका चष्मेवाल्याकडून घडवून घेतलेल्या नळकांडी भिंगाविषयीचा आपला निबंध त्याने केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढे वाचला तोही 1825 मध्येच.