उत्तर करेलिया प्रकल्प (१९७२-१९९७) : हृदयरोग प्रतिबंध आणि लोकवर्तनाचा इतिहास

प्रस्तावना :
दीर्घकालीन आजारांचा इतिहास सामान्यतः औषधे व शस्त्रक्रिया यांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मात्र दैनंदिन सवयी बदलून रोगाला आळा घालण्याच्या प्रयत्नांनाही स्वतःचा इतिहास आहे. फिनलंडमधील उत्तर करेलिया प्रकल्प हा त्यातील महत्त्वाचा टप्पा होय. सवयी बदलण्याची जबाबदारी व्यक्तीची की समाजाची, हा प्रश्न प्रस्तुत लेखात या प्रकल्पाच्या आधारे तपासला आहे.

पार्श्वभूमी :
उत्तर करेलिया हा तत्कालीन सोव्हिएत सीमेलगतचा, वनव्यवसाय व दुग्धव्यवसाय यांवर जगणारा प्रांत. येथील आहारात लोणी, साययुक्त दूध व मीठ यांचे प्राबल्य असे. भाज्या अल्प असत. अँसेल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासात पूर्व फिनलंडमधील पुरुषांत हृदयरोगाचे प्रमाण अत्यंत जास्त आढळले होते. कुटुंबातील कर्ते पुरुषच अकाली दगावत होते. अखेर जानेवारी १९७१ मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनी शासनाकडे मदतीचे निवेदन दिले. पुढाकार खुद्द प्रांताने घेतला, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

कार्यपद्धती :
१९७२ मध्ये पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली कार्य सुरू झाले. तुलनेसाठी शेजारचा कुओपिओ प्रांत निवडण्यात आला. केवळ उपदेशावर भर न देता गावातील संस्थांना सहभागी करून घेण्यात आले. 'मार्था' या महिला संघटनेने परिचित पदार्थच कमी स्निग्धांश व अधिक भाज्या वापरून करून दाखविले. परिचारिकांनी रक्तदाबाच्या रुग्णांचा नियमित पाठपुरावा केला. परंतु लोणी कमी खाण्याचा सल्ला दुग्धोत्पादकांच्या उपजीविकेवरच आघात करणारा होता. त्यामुळे १९८० च्या दशकात त्यांना बेरी फळांच्या लागवडीकडे वळविण्याचे प्रयत्न झाले. १९७६ च्या राष्ट्रीय तंबाखू कायद्याने धूम्रपानावर निर्बंध आणले.

मूल्यमापन :
धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १९७२ मधील ५२ टक्क्यांवरून १९९७ पर्यंत ३१ टक्क्यांवर आले. ३५ ते ६४ वयोगटातील पुरुषांचा हृदयरोगाने होणारा मृत्युदर १९७० च्या सुमारापासून १९९५ पर्यंत सुमारे ७३ टक्क्यांनी घटला. तथापि याच काळात संपूर्ण फिनलंडमध्येही तो सुमारे ६५ टक्क्यांनी घटला. या आधारे काही अभ्यासकांनी प्रकल्पाच्या स्वतंत्र परिणामाविषयी शंका व्यक्त केली. १९७७ नंतर प्रकल्पाचे अनुभव देशभर उपयोगात आणले गेल्याने तुलनेचा आधारच क्षीण झाला, हेही ध्यानात घ्यावे लागते. सबब संपूर्ण घट एकट्या प्रकल्पाच्या नावे मांडणे जसे अनैतिहासिक, तसेच त्याचे योगदान नाकारणेही अनुचित ठरेल.

निष्कर्ष :
उत्तर करेलियातील व्यक्तींची इच्छाशक्ती १९७२ नंतर अचानक वाढली असे मानण्यास आधार नाही. बदलले ते स्वयंपाकघर, दुकान, शेत आणि कायदा. रुग्णाच्या आजाराचा दोष त्याच्याच सवयींवर टाकण्यापूर्वी त्या सवयी कोणत्या परिस्थितीत जडल्या, हे पाहणे आवश्यक आहे, असा बोध या इतिहासातून होतो.