सर कडक, बाई कजाग: ‘स्कोल्ड’ या शब्दाची गोष्ट

इयरफोन लावून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि इयरफोन घरी विसरला म्हणून इथे वाचणाऱ्यांचंही.

आजची सुरुवात एका साध्या वाक्यापासून. इंग्लिश मीडियमच्या शाळेत गेला असाल तर हे तुम्ही शंभर वेळा म्हटलं असेल: ‘मॅम स्कोल्डेड मी.’ पुढे नोकरी लागते, तरी सवय जात नाही. ‘बॉस स्कोल्डेड मी’ असं आपण बिनधास्त म्हणतो. पण हेच लंडनच्या ऑफिसात म्हणालात, तर समोरच्याला जरा हसू येईल. कारण तिकडे आज स्कोल्ड करतात ते मुख्यतः लहान मुलांना. मोठ्या माणसाला बॉस बोलला, तर साध्या बोलण्यात ‘टोल्ड मी ऑफ’ म्हणतात. तेच कागदावर आलं की ‘रेप्रिमांड’ होतं. न्यायाधीशानं समज दिली तर ‘अ‍ॅडमॉनिश’, आणि संसदेनं ठराव केला तर ‘सेन्शर’.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? आई ओरडते, साहेब झापतात, कोर्ट ताशेरे ओढतं. सरकारी नोकरीत ‘ठपका’ ठेवतात. ठपका हा तर चक्क नियमातला शब्द आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये किरकोळ शिक्षांची यादी आहे, त्यातली पहिलीच शिक्षा ‘ठपका ठेवणे’. इंग्रजी नियमांत त्याच जागी शब्द आहे ‘सेन्शर’.

म्हणजे काय, तर बोलणी तीच, पण बोलणारा कोण यावर शब्द बदलतो. आता यातल्या दोन शब्दांचा इतिहास बघू. एक सेन्शर, दुसरा स्कोल्ड.

सेन्शर आला रोममधून. तिथे इसवी सनपूर्व ४४३ पासून ‘सेन्सॉर’ नावाचा अधिकारी असायचा. लोकांची मोजणी करणं हे त्याचं काम, आणि लोकांच्या वागणुकीवर नजर ठेवणं हेही त्याचंच काम. यादीतल्या नावापुढे त्यानं एक खूण केली की त्या माणसाची पत गेली. इसवी सनपूर्व १८४ मध्ये केटो नावाचा सेन्सॉर होता, भयंकर कडक. प्लुटार्क सांगतो, की त्यानं मॅनिलियस नावाच्या माणसाला सिनेटमधून काढून टाकलं. गुन्हा काय? त्यानं दिवसाढवळ्या, मुलीच्या देखत, स्वतःच्या बायकोला मिठी मारली! आज आपल्याला हसू येतं. पण इतिहासात केटो भांडकुदळ ठरला नाही. तो ठरला करारी.

आता स्कोल्डकडे या. हा शब्द बहुधा आला नॉर्स भाषेतल्या ‘स्काल्ड’वरून, आणि स्काल्ड म्हणजे चक्क कवी. उत्तरेकडच्या राजांच्या दरबारात हे कवी असायचे. ते स्तुती करायचे आणि बिनसलं तर कवितेतून अब्रूही काढायचे. लोक याला इतके घाबरायचे, की आइसलंडच्या जुन्या कायद्यात निंदेच्या कवितेसाठी हद्दपारीसारखी शिक्षा होती. हा शब्द इंग्रजीत आला १२०० च्या आसपास. तेव्हा तो क्रियापद नव्हताच, ते नाम होतं. स्कोल्ड म्हणजे तोंडाळ माणूस. पुढे हळूहळू त्याचा अर्थ झाला तोंडाळ बाई.

हे कसं झालं? इतिहासकार सँडी बार्डस्ली यांनी २००६ मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की १३४८ नंतरच्या महाभयंकर प्लेगमध्ये इंग्लंडमधली माणसं इतकी मेली, की उरलेल्या मजुरांना भाव आला. ते जास्त मजुरी मागायला लागले, उलट बोलायला लागले. वरच्या लोकांना या बोलण्याची धास्ती वाटू लागली. मग स्थानिक कोर्टांत ‘स्कोल्ड’ म्हणून खटले वाढले, आणि त्यात आरोपी बहुतेक बायका.

शिक्षा काय होती? एक खुर्ची. तिला म्हणायचे ‘ककिंग स्टूल’. ही खुर्ची जुनीच. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’मध्ये चेस्टर शहराच्या नोंदीत ती सापडते. वाईट बिअर बनवली तर या खुर्चीत बसा, नाहीतर चार शिलिंग दंड भरा. आणि त्या नोंदीत पुरुष आणि बाई दोघांनाही हाच नियम आहे! म्हणजे ही खुर्ची आधी भेसळवाल्यांची होती. पुढे ती स्कोल्डची झाली. नंतर तिला लांब दांडा लागला आणि बाईला त्यात बसवून नदीत, तळ्यात बुडवायला लागले.

याहून वाईट होता ‘ब्रिडल’, म्हणजे लगाम. हो, घोड्याला घालतात तोच शब्द. लोखंडी पिंजऱ्यासारखं काहीतरी डोक्यावर बसवायचं आणि जिभेवर पट्टी येईल असं आतून अडकवायचं. डोरोथी वॉ नावाची एक क्वेकर पंथाची बाई होती. १६५५ मध्ये ती कार्लाइल शहराच्या बाजारात उभी राहून फसवणुकीविरुद्ध बोलली. मेयरनं तिला पकडलं आणि हा लगाम चढवला. हे आपल्याला कसं कळतं? तिनंच लिहून ठेवलं. तिचं निवेदन १६५६ मध्ये छापलं गेलं. ती सांगते, लोखंडाचं वजन एक स्टोन, म्हणजे आपले सहा किलोच्या वर. चेहऱ्यावर तीन सळ्या, तोंडात लोखंडाचा तुकडा आणि हात पाठीमागे बांधलेले.

जरा थांबून विचार करा. ती भांडली नव्हती, ती बोलली होती. पण बोलणं कोणाचं, यावर ठरलं की ते प्रवचन की कटकट.

१७६९ मध्ये ब्लॅकस्टोन या कायदेपंडितानं आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात हा गुन्हा नोंदवला, आणि स्पष्ट लिहिलं की कायद्याच्या लॅटिनमध्ये हा शब्द फक्त स्त्रीलिंगी आहे. म्हणजे पुरुष कितीही बडबडला तरी व्याकरणच त्याला वाचवणार! इंग्लंडमध्ये लेमिन्स्टर गावात १८०९ मध्ये जेनी पाइप्सला बुडवलं, ती शेवटची म्हणतात. १८१७ मध्ये सारा लीक हिचीही वरात निघाली, पण तळ्यात पाणी कमी होतं म्हणून ती वाचली.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. त्यासाठी समुद्र ओलांडू, कारण इंग्लंडचा कायदा अमेरिकेतही गेला होता. वॉशिंग्टन, १८२९. अ‍ॅन रॉयल, वय साठ, विधवा, प्रवासवर्णनं लिहून पोट भरणारी. घराजवळ प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळींशी तिचं वाजलं. ती त्यांना फाडफाड बोलायची. त्यांनी केस केली: ‘कॉमन स्कोल्ड’. कोर्टानं तिला दोषी धरलं. बुडवण्याची शिक्षा कालबाह्य म्हणून टळली, दहा डॉलर दंड झाला. तो पत्रकारांनी भरला असं सांगतात. बाई गप्प बसली का? छे! दोनच वर्षांनी तिनं स्वतःचं वर्तमानपत्र काढलं आणि सरकारी भ्रष्टाचारावर लिहीत राहिली.

तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते अँड्र्यू जॅक्सन. १८३४ मध्ये त्याच वॉशिंग्टनमध्ये सिनेटनं राष्ट्रीय बँकेच्या प्रकरणावरून जॅक्सन यांच्याविरुद्ध ठराव केला. शब्द कोणता? सेन्शर. तीन वर्षांनी जॅक्सन यांच्या समर्थकांचं बहुमत झालं, आणि १८३७ मध्ये तो ठराव नोंदवहीतून रद्द केला. अक्षरशः काळ्या रेघा मारून.

एकच शहर, मध्ये पाच वर्षं. सिनेटर बोलले ते सेन्शर, म्हातारी बोलली ती स्कोल्ड. अध्यक्षावरचा ठपका तीन वर्षांत पुसला गेला. बाईच्या तोंडाळपणाचा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातून पुसायला १९६७ उजाडलं. क्रिमिनल लॉ अ‍ॅक्टच्या १३ व्या कलमानं तो रद्द झाला. १९६७ म्हणजे तुमच्या आजीच्या तरुणपणी, बरं का.

कायदा गेला. शब्द गेले का? आपल्याच मराठीत बघा. करारी, कडक, शिस्तप्रिय हे शब्द आधी साहेबांना लागतात. कजाग, कर्कशा, तोंडाळ म्हटलं की डोळ्यांसमोर बाई येते. माझ्या आधीच्या ऑफिसात दोन टीम लीड होते. डेडलाइन चुकली की दोघंही तेच बोलायचे, अगदी तशाच आवाजात. आम्ही चहाच्या टपरीवर काय म्हणायचो? ‘सर स्ट्रिक्ट आहेत.’ आणि ‘मॅडमची कटकट सुरू झाली.’ मीही म्हटलंय. हा भाग लिहिताना ते आठवलं आणि खरं सांगतो, लाज वाटली. कारण त्या मॅडमनं जे सांगितलं होतं ते बरोबर होतं, आणि आम्ही ते सहा महिने ऐकलं नाही.

तोंडात लोखंड घालायची आता गरजच नाही, मंडळी. ‘कटकट’ म्हटलं की पुढचं कोणी ऐकत नाही. म्हणून या आठवड्यात एवढंच करून बघा. कोणाला असा शब्द लावण्याआधी एक सेकंद थांबा, आणि ती काय म्हणतेय ते आधी ऐका.

आवडलं तर शेअर करा. नाही आवडलं तर खुशाल झापा, कमेंट्स उघड्या आहेत. भेटू पुढच्या भागात!